आईचं ग्रीनकार्ड आणि ‘फुकट्यां’चा विमा



सरकारने सगळ्यांना आरोग्यविमा द्यावा का, हा विषय पॉटलकमध्ये निघाला की अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांत हमखास दोन तट पडतात. "वीस वर्षं टॅक्स आम्ही भरायचा आणि फुकट्यांनी खायचं?" असं तावातावाने म्हणणारेच निघताना हळूच विचारतात, "आईचं ग्रीनकार्ड झालं, मेडिकेअर लगेच मिळतं ना?" (आम्हीही त्यांतलेच!)

लगेच मिळत नाही. १९६५ सालच्या मेडिकेअरचा हिशोब भरलेल्या टॅक्सवर चालतो. पगारातले १.४५ टक्के आपले, तेवढेच कंपनीचे. एच-वन-बीवाल्यांचेही कापले जातात. अशी साधारण दहा वर्षं भरली की पासष्टीनंतर हॉस्पिटलच्या भागाला, म्हणजे पार्ट एला, हप्ता पडत नाही. आईने साताऱ्यात तीस वर्षं शाळेत शिकवलं असेल, पण इथल्या खात्यात तिची नोंद शून्य! तिला ग्रीनकार्डावर सलग पाच वर्षं इथे राहावं लागतं, आणि नंतरही एकट्या पार्ट एचा हप्ता महिना पाचशे डॉलरच्या वर जातो. मेडिकेडसाठीही १९९६ च्या कायद्याने बहुतेक नव्या ग्रीनकार्डवाल्यांना पाच वर्षं थांबवलं आहे.

मग मधली पाच वर्षं? पूर्वी डायबेटिस असलेल्या सत्तरीच्या बाईला विमा कंपन्या बहुतेक राज्यांत सरळ नाही म्हणू शकत. २०१० च्या ओबामाकेअरमुळे २०१४ पासून आजाराचं कारण देऊन नकार देता येत नाही, आणि मार्केटप्लेसमध्ये नवं ग्रीनकार्डही चालतं. हे जमतं ते ठणठणीत माणसांचे हप्तेही त्याच गंगाजळीत पडतात म्हणून. म्हणजे इथे छदामही टॅक्स न भरलेल्या आपल्या आईचा खर्च अनोळखी लोक उचलतात. त्यांच्या पॉटलकमध्ये आपल्याला काय म्हणत असतील, कोण जाणे.

आता व्यवहाराचं. आई ग्रीनकार्डावर आली की ६० दिवसांच्या आत मार्केटप्लेसमध्ये नाव घाला, नाहीतर पुढच्या नोंदणीपर्यंत थांबावं लागेल. ती तुमच्या टॅक्स रिटर्नवर अवलंबित असेल तर सवलत ठरवताना तुमचं उत्पन्न धरतात. एच-वन-बीवाल्यांची ही सवलत मात्र २०२५ च्या कायद्याने २०२७ पासून बंद होते आहे.

नुसत्या भेटीला आलेले आई-बाबा इथले रहिवासी धरले जात नाहीत, तेव्हा त्यांच्यासाठी प्रवासी विमाच. १९८६ च्या कायद्याने इमर्जन्सी रूममध्ये कुणालाही तपासावंच लागतं, पण बिल घरी येतंच. पॉलिसीत जुन्या आजारांबद्दल काय लिहिलंय, ते तिकीट काढण्याआधी वाचा.