दोन्ही हात गुंतलेले

प्रार्थना संध्याकाळी पाचची. पण 9 ऑक्टोबर 1989 च्या सोमवारी लाइपझिगच्या सेंट निकोलस चर्चमधली बाकं दुपारी दोनपासूनच भरायला लागली. आलेले लोक भाविक नव्हते. पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाने आपले सहाशेच्या आसपास कार्यकर्ते तिथे धाडले होते. कशाला? तर जागा अडवायला. आपली माणसं आत बसली की सरकारवर रागावलेली माणसं बाहेर राहतील, असा हिशेब. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आपली युक्ती एका अख्ख्या राजवटीने चर्चमध्ये वापरून पाहिली!

चर्चचे पाळक ख्रिस्तियान फ्यूरर यांनी या पाहुण्यांचं स्वागत केलं. वरचे सज्जे तेवढे बंद ठेवले. कामगार चारनंतर सुटतात, त्यांनाही जागा हवी ना, असं त्यांनी कामगारांच्या नावाने राज्य करणाऱ्या पक्षाच्या त्या मंडळींना ऐकवलं. पाच वाजले, आणि एरवी चर्चची पायरीही न चढणारे हे कार्यकर्ते निमूटपणे येशूची शिकवण ऐकत बसले.

या देशात वर्तमानपत्रं सरकारची, कामगार संघटना सरकारच्या, निवडणुकीचा निकाल आधीच ठरलेला. परवानगीशिवाय चार माणसं कुठे जमली की गुप्त पोलिसांचे कान टवकारायचे. सरकारच्या मुठीत पुरती न आलेली मोठी संस्था एकच उरली होती, ती म्हणजे चर्च. 1982 पासून सेंट निकोलसमध्ये दर सोमवारी शांततेसाठी प्रार्थना होऊ लागली. कधी कधी तिला बोटावर मोजण्याइतकी माणसं असत. दारावर पाटी होती : सर्वांसाठी खुले. मग देव न मानणारेही येऊ लागले. कुणाला सैन्यात हत्यार धरायचं नव्हतं, कुणाला देश सोडायचा होता, कुणाला नद्यांच्या प्रदूषणाबद्दल बोलायचं होतं.

या सगळ्या हकिकतीतला माझा सर्वांत आवडता भाग मात्र कापडाचा आहे. 1980 मध्ये चर्चच्या तरुणांना ‘तलवारींचे फाळ करा’ हे बोधचिन्ह छापायचं होतं. कल्पना बायबलमधल्या मीखा संदेष्ट्याची. चित्र तलवार ठोकून नांगराचा फाळ घडवणाऱ्या माणसाचं. कागदावर काही छापायचं तर सरकारी परवाना लागे. पण कापडावरची छपाई नियमांत ‘कापडावरची प्रक्रिया’ म्हणून मोडायची, तिला परवाना नको. झालं! ड्रेस्डेनचे पाळक हाराल्ड ब्रेटश्नायडर यांनी चिन्ह कापडावर छापून घेतलं. आधी पुस्तकात ठेवायच्या खुणा निघाल्या, मग बाहीवर शिवायचे गोल तुकडे.

सरकारची पंचाईत अशी की, हे चित्र मुळात एका सोव्हिएत शिल्पकाराच्या पुतळ्याचं होतं. हा पुतळा सोव्हिएत संघाने 1959 मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांना भेट दिलेला. थोरल्या भावाच्या भेटवस्तूवर बंदी घालायची कशी? तरीही घातली. पोलिसांनी पोरांच्या बाह्यांवरची चिन्हं उतरवायला लावली, आणि काही पोरं बाहीवरचं ते गोल भोकच मिरवत हिंडू लागली. भोकावर बंदी कशी घालणार, बोला!

चर्चमधले सगळेच शूर होते, असं मात्र नाही. धर्मगुरूंमध्येही गुप्त पोलिसांचे खबरे होते. प्रार्थना फार राजकीय होतेय म्हणून वरिष्ठांनीच 1988 मध्ये तरुण गटांना आवरायचा प्रयत्न केला होता. हे लपवलं तर गोष्ट खोटी होईल.

आता पुन्हा त्या सोमवारकडे. तीन दिवस आधी स्थानिक वृत्तपत्रात सशस्त्र पथकाच्या एका प्रमुखाचं पत्र छापून आलं होतं : वेळ पडली तर हत्यार हाती घेऊ. बेजिंगचा तियानमेन चौक आंदोलकांच्या रक्ताने भिजून जेमतेम चार महिने झाले होते. त्या सोमवारी शहरातल्या चार चर्चमध्ये प्रार्थना झाली. वाद्यवृंदाचे संचालक कुर्ट माझूर आणि आणखी पाच जणांचं संयमाचं आवाहन वाचून दाखवलं गेलं. या सहांत पक्षाचे तीन पदाधिकारीही होते. चर्चची दारं उघडली तेव्हा बाहेर माणसंच माणसं, हातात मेणबत्त्या.

फ्यूरर नंतर सांगत असत की, मेणबत्तीला दोन हात लागतात. एकाने धरायची, दुसऱ्याने वाऱ्यापासून ज्योत राखायची. मग दगड कुठल्या हाताने उचलणार? हे करून पाहा एकदा, खरंच तिसरा हात उरत नाही.

सत्तर हजारांच्या आसपास लोक शहराच्या वर्तुळाकार रस्त्याने चालले. घोषणा होत्या ‘हिंसा नको’ आणि ‘आम्हीच जनता’. गोळी सुटली नाही. एका चर्चच्या मनोऱ्यावरून दोघांनी चोरून चित्रीकरण केलं, ते दुसऱ्या दिवशी पश्चिम जर्मनीच्या दूरदर्शनवर झळकलं. बरोबर महिन्याने, 9 नोव्हेंबरला, बर्लिनची भिंत उघडली. हे सगळं चर्चने केलं, असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह होते, कोलमडलेली अर्थव्यवस्था होती, देश सोडून निघालेले हजारो लोक होते.

पण पुढे काय झालं, ते पाहा. डिसेंबरमध्ये सरकार आणि विरोधक गोलमेज परिषदेला बसले, तेव्हा सभा चालवायला धर्मगुरूंना बोलावलं. कारण साधं होतं. त्या देशात अजेंडा ठरवणं, ठराव मांडणं, विरोधी मत ऐकून घेणं, खरंखुरं मतदान करणं, हे चर्चच्या सभांमध्येच टिकून राहिलं होतं. लोकशाहीचा सराव तिथेच चालू होता. मार्च 1990 च्या मुक्त निवडणुकीनंतर पाळक मार्कुस मेकेल परराष्ट्रमंत्री झाले. आणि संरक्षण खातं गेलं पाळक राइनर एपेलमान यांच्याकडे. तरुणपणी सैन्यात शपथ घ्यायला नकार दिला म्हणून हेच गृहस्थ तुरुंगात गेले होते. त्यांनी खात्याचं नावच बदललं : निःशस्त्रीकरण आणि संरक्षण.

फ्यूरर 2014 मध्ये गेले. सेंट निकोलसमधली प्रार्थना अजूनही सोमवारीच होते, संध्याकाळी पाच वाजता.