मग पुढे काय झालं, पॉल रिव्हिअर?

१८ एप्रिल १७७५च्या रात्री बॉस्टनचा चांदीकाम करणारा कारागीर पॉल रिव्हिअर घोड्यावरून लेक्झिंग्टनकडे निघाला. इंग्रज फौज निघाली आहे, ही खबर त्याला पोचवायची होती. अमेरिकेतल्या कित्येक पिढ्यांना ही दौड माहीत झाली ती लाँगफेलोच्या कवितेतून, आणि त्या कवितेतला रिव्हिअर पार कॉन्कॉर्डपर्यंत पोचतो. खरा रिव्हिअर पोचलाच नाही. वाटेत इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याला धरलं आणि घोडा काढून घेऊन सोडून दिलं. तो लेक्झिंग्टनला परतला. पहाटे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्या गोळ्या सुटल्या, तेव्हा हा गडी बंडाचा पुढारी जॉन हॅनकॉकच्या कागदपत्रांची पेटी सुरक्षित जागी हलवत होता!

जीन फ्रिट्झ यांनी १९७३ साली मुलांसाठी रिव्हिअरचं छोटं चरित्र लिहिलं, त्याचं नावच ‘मग पुढे काय झालं, पॉल रिव्हिअर?’ अशा अर्थाचं आहे. मी त्या पुस्तकाच्या प्रेमात पडलो तो रिव्हिअरच्या धांदलीमुळे. दौडीआधी होडीने नदी ओलांडताना वल्ह्यांचा आवाज दाबायला लागणारं कापड तो विसरतो, मग कुणा बाईचा परकर मिळवून वल्ह्यांना गुंडाळला जातो. तो चांदीची भांडी घडवतो, पुढे घंटा ओततो, लोकांचे दातही बसवतो. बंकर हिलच्या लढाईत पडलेल्या डॉ. वॉरन यांचं शव पुढे ओळखलं गेलं, ते त्यानेच तारेने बसवलेल्या दातावरून. बॉस्टनच्या नॉर्थ एंडमधलं त्याचं लाकडी घर मी पाहिलं आहे. बुटक्या छताच्या त्या खोल्यांत उभं राहिलं, की दोन लग्नांची मिळून १६ मुलं असलेल्या या माणसाला कायम घाई का असावी, ते कळतं.

फ्रिट्झबाईंचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो: पुरावा असल्याशिवाय चरित्रातल्या माणसाच्या तोंडी अवतरणचिन्हांत एक शब्दही घालायचा नाही. मग गंमत कुठून येते? कागदपत्रांतूनच. बाईंच्या दुसऱ्या एका चरित्राचा नायक, बंडाचा पुढारी सॅम्युएल अ‍ॅडम्स घोड्यावर बसायला तयार नसे. १७७५मध्ये त्याला अखेर खोगिरावर चढवलं ते नात्यातल्या जॉन अ‍ॅडम्सने, आणि तो प्रसंग जॉनच्या पत्रातच आहे. आणखी एका चरित्राचा नायक, वक्ता पॅट्रिक हेन्री याचा जन्म २९ मे १७३६चा, आणि स्टॅम्प कायद्याविरुद्ध तो व्हर्जिनियाच्या सभागृहात उभा राहिला तोही २९ मे, साल १७६५. बाईंनी ती तारीखच धरली आणि दर काही वर्षांनी ‘या दिवशी पॅट्रिक कुठे होता?’ असं विचारत अख्खं आयुष्य सांगून टाकलं. असा आराखडा सुचायला आधी सगळे कागद चाळलेले असावे लागतात.

फ्रिट्झबाईंचा बाकीचा तपशील थोडक्यात. जन्म १९१५, चीनमधल्या हांकौ शहरात. वडील वायएमसीएच्या कामासाठी तिथे होते. अमेरिका त्यांनी आधी ऐकली आणि मग, तेराव्या वर्षाच्या सुमारास, पाहिली. पुढे न्यूयॉर्कजवळच्या डॉब्स फेरीत मुलांच्या ग्रंथालयाचं काम, १९८६चं लॉरा इंगल्स वाइल्डर पदक आणि २०१७मध्ये १०१व्या वर्षी निधन.

चीनमधल्या बालपणावर त्यांनी १९८२ साली ‘होमसिक’ लिहिलं. प्रसंगांची जुळणी करताना काही धागे कल्पनेचे घातले आहेत, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, आणि १९८३चा नॅशनल बुक अवॉर्ड त्याला मिळाला तो बालकादंबरी म्हणून. स्वतःच्या आयुष्यालाही त्यांनी सवलत दिली नाही!

आपल्याकडे शिवकाळावरच्या मुलांच्या पुस्तकांत मावळे पानोपानी बोलत असतात. ते मलाही आवडतं. पण मुलांना खरं काय आणि रचलेलं काय, हे कळायला हवं. फ्रिट्झबाई रिव्हिअरच्या पुस्तकाअखेरीस टिपा देतात, आणि त्या दहा वर्षांचं मूलही वाचू शकतं. मुलांसाठी इतिहास लिहिणाऱ्या माझ्या मराठी मित्रांनो, पुढच्या पुस्तकाच्या शेवटी अशी दोन पानं नक्की जोडा.