हिप्परग्याची शाळा आणि स्पायडरमॅन

१९३८ साली अमेरिकेत क्लीव्हलंडच्या दोन तरुणांनी, जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी, रचलेला सुपरमॅन पहिल्यांदा छापून आला. त्याच वर्षी निजामाच्या हैदराबाद संस्थानात स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली, ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला आणि औरंगाबाद-हैदराबादच्या वसतिगृहांतली मुले ‘वंदे मातरम्’ म्हणायचे थांबेनात. त्यांना काढून टाकले, तेव्हा पुष्कळांनी नागपूर विद्यापीठाचा रस्ता धरला. सुपरमॅन आज धाराशिव जिल्ह्यातल्या उमरग्याच्या मुलालाही ठाऊक आहे. वसतिगृहातली ती मुले मराठवाड्याच्या मातीतली असूनही त्याला परकी आहेत.

याचा दोष सर्रास मोबाईलला आणि कार्टूनला दिला जातो. पालकसभेत, स्नेहसंमेलनाच्या भाषणात, एसटीतल्या गप्पांत हीच तक्रार ऐकू येते: पोरांना महापुरुष नकोत, स्पायडरमॅन हवा. मला हे निदान चुकीचे वाटते. कल्पनेतला नायक मराठी मुलांच्या घरात आज घुसलेला नाही. १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्स निघू लागली आणि फँटम आपल्याकडे ‘वेताळ’ होऊन आला. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीहून निघाला आणि महाराष्ट्रभर पोचला. १९६७ मध्ये अनंत पै यांनी अमर चित्र कथा सुरू केली, तेव्हा पुराणातले आणि इतिहासातले नायकही चित्रांच्या चौकटींत बसले. १९९७ मध्ये दूरदर्शनवर शक्तिमान आला. त्याच्या चारच वर्षे आधी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, भूकंपाने लोहारा-उमरग्याची गावे जमीनदोस्त केली होती. ज्यांनी आपल्या घराच्या भिंती कोसळताना पाहिल्या, त्या मुलांना कोसळणारी इमारत हातांवर तोलून धरणारा माणूस आवडला असेल, तर त्यात बिघडले काय? २००८ मध्ये छोटा भीम आला, तोही हैदराबादेत तयार झालेला. ज्या शहरातून धाराशिववर १९४८ पर्यंत निजामाचे राज्य चालले, तिथूनच आमच्या पोरांचा लाडका भीम आला.

यातल्या बहुतेक काळात चौथीचे शिवछत्रपतींचे पुस्तक शाळेत होतेच. मुलाने दोन्ही वाचले, दोन्ही पाहिले. गॅदरिंगमध्ये जिरेटोप घालून, काजळाने दाढी रेखून घोषणा देणारा मुलगा संध्याकाळी आठवडी बाजारात घेतलेला स्पायडरमॅनचा टी-शर्ट घालून गल्लीत उड्या मारतो. त्याच्या मनात यांचे भांडण नसते. भांडण मोठी माणसे लावतात.

काल्पनिक नायकाने मुलांचे नुकसान होते की फायदा, यावर अभ्यास झाले आहेत आणि ते एका बाजूचे नाहीत. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार आणि सहा वर्षांच्या १८० मुलांना कंटाळवाणे काम देण्यात आले. ज्यांना ‘तू बॅटमॅन आहेस असे समज’ असे सांगितले, ती मुले इतरांपेक्षा जास्त वेळ चिकाटीने बसली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात मात्र सुपरहिरोंच्या नादी लागलेली बालवाडीच्या वयाची मुले वर्षभराने अधिक मारकुटी झालेली आढळली आणि दुबळ्याला मदत करण्याची वृत्ती काही वाढलेली दिसली नाही. म्हणजे मुखवटा घातल्याने बळ येते, पण ते कुठे वापरायचे हे मुखवटा शिकवत नाही. ते शिकवायला खरा माणूस लागतो. तो आपल्याकडे आहे. पण त्याला आपण मुलांसमोर कसा उभा करतो?

जयंतीचे भाषण आठवून पाहा. अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, एवढे झाले की जन्मतारीख, आईवडिलांचे नाव, लहानपणापासूनची कुशाग्र बुद्धी, महान कार्य, मृत्यू, जय हिंद. १९ फेब्रुवारी असो, १४ एप्रिल असो, १ ऑगस्ट असो, साचा तोच. त्यात तो माणूस कधी घाबरत नाही, हरत नाही, त्याला ताप येत नाही, त्याचे पैसे संपत नाहीत. आपण त्याला सुपरहिरोच करून टाकतो, आणि उडता येत नसलेला सुपरहिरो खऱ्या सुपरहिरोपुढे मुलाला फिका वाटतो. ही हार आपण ओढवून घेतलेली आहे.

तुळजापूरला भवानीमातेने महाराजांना तलवार दिल्याचे चित्र घरोघर आहे. त्या श्रद्धेला हात लावण्याचे कारण नाही. पण तलवार मिळाली म्हणून किल्ले आपोआप मिळाले नाहीत, हे त्या चित्राखाली उभ्या असलेल्या पोराला कुणी सांगत नाही. १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात महाराजांना २३ किल्ले सोडावे लागले. पुढच्या वर्षी आग्र्यात कैद वाट्याला आली. मग १६७० पासून ते किल्ले एकेक करून परत घ्यायला सुरुवात झाली. घटक चाचणीत नापास झालेल्या मुलाला आग्र्याच्या पेटाऱ्यांइतकीच त्या चार वर्षांच्या धीराची गरज आहे. मोठ्यांचे अपयश सांगितल्याने मुलांना काय मिळते, याचा न्यूयॉर्कमधल्या नववी-दहावीच्या ४०२ विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आइन्स्टाइन, मेरी क्युरी, फॅरडे यांच्या अडचणी आणि अपयश ज्यांनी वाचले, त्यांचे विज्ञानातले गुण सुधारले. ज्यांनी फक्त त्यांचे यश वाचले, त्यांचे सुधारले नाहीत.

दुसरी एक गोष्ट बोलायला जड जाते, पण टाळता येत नाही. आपण महापुरुष वाटून घेतले आहेत. कोणाची जयंती कोणत्या गल्लीने करायची, कोणाचा झेंडा कोणत्या रंगाचा, हे मुलाला पाढे पाठ होण्याआधी कळते. स्पायडरमॅनची जात कोणी विचारत नाही. मुलाला तो आपला वाटतो, याचे हेही एक कारण आहे, आणि ते आपल्याला लाज आणणारे आहे.

आता हिप्परग्याला या. लोहारा तालुक्यातल्या हिप्परगा रवा इथे १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली. निजामाच्या राज्यात अशी शाळा चालवणे हेच धाडस होते. तिचे मुख्याध्यापक व्यंकटेश भवानराव खेडगीकर. लोकमान्य टिळक गेले तेव्हा ते सोळा वर्षांचे होते, आणि लग्न न करता देशाचे काम करायचे असे त्यांनी त्याच वेळी ठरवले. कोवळ्या वयात राष्ट्रपुरुषावर जीव जडला की काय होते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. पुढे कामगार नेते ना. म. जोशी यांच्याकडे काम केले, दुखण्याने शरीर खचले, आणि १४ जानेवारी १९३० रोजी हिप्परग्यात त्यांनी संन्यास घेतला. ते स्वामी रामानंद तीर्थ. अठरा वर्षांनी, १७ सप्टेंबर १९४८ ला, त्यांच्या नेतृत्वाखाली लढलेला हैदराबादचा मुलूख मोकळा झाला. खचलेल्या शरीराच्या या मास्तरांची गोष्ट कोणत्याही चित्रपटाला पुरेल. उमरगा तालुक्यात गुंजोटीचे वेदप्रकाश आहेत. मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामातले पहिले हुतात्मा म्हणून त्यांचे नाव घेतात.

नायक हयात असला तर आणखी बरे. धाराशिवच्या सारिका काळे यांच्या कर्णधारपदाखाली भारताच्या मुलींनी २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोचे सुवर्णपदक जिंकले. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा त्या तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून काम करत होत्या. घरी पोटभर जेवण मिळत नसे, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. आईबाप ऊसतोडीला गेले की आजीकडे राहणाऱ्या कळंब-वाशीच्या मुलीला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. खो-खोला लागते मैदान, दोन खांब आणि दम. तिच्या शाळेत निदान मैदान तरी असते.

शिक्षकांना आणि पालकांना एवढेच सांगणे आहे. मुलाचा टी-शर्ट काढून घेऊ नका. येत्या १७ सप्टेंबरला झेंडावंदन उरकले की मुलांना वर्गात कोंडून भाषण ऐकवू नका. हिप्परग्याला न्या, गुंजोटीला न्या. ते जमले नाही तर आपल्याच गावात हिंडा. मुक्तिसंग्रामात उतरलेली माणसे आता जवळपास उरली नाहीत, पण त्यांची मुले-सुना-नातवंडे आहेत. कोण तुरुंगात गेले, कोण भूमिगत झाले, कोणी भाकरी पोचवल्या, कोण घाबरून परतले आणि पुन्हा गेले, हे त्यांच्याकडून ऐकून लिहून काढायचे काम पाचवी-सहावीच्या मुलांना जमण्यासारखे आहे. ते त्यांच्यावरच सोपवा, आणि याच वर्षी सोपवा.