मुक्काम कुंदगोळ : नाडगिरांचा वाडा

युरोपला जाणारी आपली मुलं हल्ली जुन्या गावठाणातल्या जुन्या सराया शोधून तिथे उतरतात. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये, प्रसिद्ध सोनेरी छताच्या सज्जाजवळ, ‘वायसेस क्रॉइत्स’ ही अशीच १४६५ सालची सराय आहे. डिसेंबर १७६९ मध्ये तेरा वर्षांचा मोझार्ट वडिलांबरोबर इटलीला निघाला होता, तेव्हा त्याचा मुक्काम इथेच पडला. आजही तिथे खोली मिळते.

आपल्याकडचे गवई प्रवासात कुठे उतरत? बहुधा एखाद्या रसिकाच्या वाड्यात! त्यातला एक वाडा हुबळीपासून जेमतेम वीस किलोमीटरवर, कुंदगोळला आहे.

कुंदगोळ पूर्वी पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात होतं. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) मिरजेत स्थायिक झालेले. म्हैसूर दरबारी जाता-येता ते नाडगिरांच्या वाड्यात थांबत. इथे खोलीचं भाडं नव्हतं. पाहुणा गाई, घर ऐकत असे आणि घराबरोबर गावही.

त्या ऐकणाऱ्यांत गावचाच एक मुलगा होता, रामभाऊ. तो खाँसाहेबांचा शिष्य झाला आणि पुढे सवाई गंधर्व (१८८६–१९५२) म्हणून गाजला. घर कानडी मुलखातलं, पण नाव झालं मराठी संगीत रंगभूमीवर, तेही स्त्रीभूमिकांत. कानडी आपली की मराठी, हा प्रश्न त्या सुरांना कधी पडला नाही.

पुढे सवाई गंधर्व कुंदगोळलाच राहू लागले, तेव्हा शिष्य त्यांच्याकडे येऊ लागले. गदगचा भीमसेन जोशी गुरुगृही राहिला, पाणी भरत, घरची कामं करत शिकला. गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने शिकवणीला येत. पुण्याचा ‘सवाई’ महोत्सव १९५३ पासून भरतो, तो या गुरूंच्याच स्मरणार्थ. पुण्यात तिकिटासाठी रांग लावणाऱ्या किती जणांना कुंदगोळ ठाऊक असेल?

नाडगीर वाड्यातही सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. जुन्या लाकडी खांबांमध्ये, सतरंजीवर बसून, रात्रभर गाणं ऐकायचं. इथला खरा मुक्काम तोच. एरवी हे राहतं घर आहे, हॉटेल नव्हे, म्हणून आधी विचारूनच जावं. मुक्कामाला हुबळी आहेच. कुंदगोळात चालुक्यकालीन शंभुलिंग मंदिरही पाहता येईल.

इन्सब्रुकची सराय टिकली, कारण पाहुणे येत राहिले. वाड्याचंही तसंच आहे. लाकूड, कौलं, भिंती यांची डागडुजी घरची माणसं करतील, पण सतरंजीवर बसणारे कान बाहेरूनच यावे लागतात. या वर्षीच्या सभेची तारीख कळली की घरातल्या कॉलेजवयीन मंडळींना बरोबर घ्या. पहाटेची भैरवी होईपर्यंत मात्र उठू देऊ नका!