नवी एअर रायफल : आधी तेल पुसा, मग नेम धरा!

२००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने १० मीटर एअर रायफलमध्ये सुवर्णपदक मिळवलं आणि कितीतरी पोरांना नेमबाजीचं वेड लागलं. त्याच्या रायफलीत आधीच दाबून भरलेली हवा होती. आपण शिकतो ती बहुधा स्प्रिंगवाली, नळी मोडून ताणायची. ती नवी कोरी हातात आली की पहिले छर्रे कुठेही जातात, आणि आपण लगेच माशी-खाच फिरवायला लागतो. मित्रांनो, थांबा!

आधी आतलं यंत्र समजून घ्या. घोडा ओढला की स्प्रिंग पिस्टनला पुढे ढकलते, सिलिंडरमधली हवा क्षणात दाबली जाते, तापते आणि छर्ऱ्याला बाहेर फेकते. आता या तापलेल्या हवेत तेल असेल तर? मेकॅनिकलवाल्यांनी ओळखलंच असेल : डिझेल इंजिन! धूर, मोठा आवाज, दर छर्ऱ्याला वेगळा वेग. वर सील आणि स्प्रिंगही लवकर जाते. म्हणून कारखान्यातून आलेलं नळीतलं तेल कापडाच्या पट्टीने पुसून काढा. चामड्याच्या वॉशरला तेल लागायचं. आजच्या सिंथेटिक सीलसाठी हवेच्या भोकात तेल सोडू नका. नळीच्या बिजागरीला एक थेंब पुरे.

मग दस्त्याचे स्क्रू तपासा. धक्क्याने ते ढिले होतात, त्यामुळे सुरुवातीला दर वेळी बघा. छर्रे ४.५ मि.मी.चे, एकाच प्रकारचे वापरा. काहीशे छर्रे झाले की यंत्र बसतं. रायफल घट्ट आवळू नका : पिस्टन पुढे निघताना ती मागे येते, तो थांबताना पुढे जाते. तिला दर वेळी सारखंच, सैल हाताने हलू द्या. छर्रे एका जागी जमायला लागले की मगच खाच फिरवा. छर्रे डावीकडे पडत असतील तर मागची खाच उजवीकडे, खाली पडत असतील तर वर.

रिकामी कधीही चालवू नका. छर्रा नसला की हवेची गादी मिळत नाही आणि पिस्टन सिलिंडरच्या टोकावर आपटतो. ताणून ठेवूनही देऊ नका, स्प्रिंग थकते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. छर्रा भरताना एका हाताने नळी घट्ट धरा, दुसरा हात घोड्यापासून लांब. उघडी नळी सुटली तर बोटं चेचतात. डोळ्यांवर चष्मा हवाच. शिशाचे छर्रे हाताळले की हात धुऊनच मेसमध्ये जा. आणि रायफल रेंजवरच राहू द्या. होस्टेलच्या गॅलरीतून कावळ्यावर धरलेला नेम चुकतो, तेव्हा समोरच्या खिडकीत कुणीतरी अभ्यास करत बसलेलं असतं.