बाइकसाठी लेदर जॅकेट: वऱ्हाडातल्या उन्हात ते घालावं का आणि माप कसं बघावं?

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गाची नोंद गिनीज बुकात झाली. लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकण्यात आला. त्याआधी कित्येक वर्षं हाच रस्ता खड्ड्यांसाठी ओळखला जायचा. खड्ड्यांच्या रस्त्यावर बाइकचा वेग आपोआप आवरला जातो. सरळ, गुळगुळीत रस्त्यावर मात्र काटा ऐंशीवर कधी गेला ते कळतही नाही.

वेग वाढला की पडल्यावर लागणारा मारही वाढतो. म्हणून बाइकसाठी खास जॅकेट घेण्याचा विचार सुरू होतो आणि त्यासोबत दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक, ‘आपल्याकडच्या उन्हात हे कोण घालणार?’ आणि दुसरी, ‘घ्यायचंच तर एक साइज मोठं घे.’ उन्हाच्या अडचणीवर उपाय आहे. मोठ्या साइजचा सल्ला मात्र जॅकेटचा उपयोगच घालवू शकतो.

पडल्यावर अंगाचं काय होतं?

बाइकवरून पडणाऱ्याला दोन प्रकारे इजा होते. आधी अंग रस्त्यावर आपटतं आणि मग घासत जातं. ताशी ६० किलोमीटर वेगाने पडलेला माणूस कोरड्या डांबरावर साधारण २० मीटर घासत जाऊन थांबतो. त्याला अडीच सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. वेग ८० असेल तर हे अंतर जवळपास दुप्पट होतं, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं.

साधी सुती जीन्स अशा घर्षणात सेकंदभराच्या आसपास फाटते. पुढचा दीड सेकंद कातडी थेट डांबरावर असते, आणि मे महिन्यातलं डांबर ६० अंशांच्याही पुढे तापलेलं असू शकतं.

जॅकेटमधल्या दोन गोष्टी या दोन इजांपासून वाचवतात. चामडं घासण्यापासून वाचवतं. खांदे, कोपर आणि पाठ इथे बसवलेले पॅड आपटण्याचा जोर कमी करतात.

कोणतंही लेदर जॅकेट चालतं का?

नाही. लग्नसराईत किंवा थंडीत घालायची फॅशनची लेदर जॅकेटं बहुतेक वेळा मेंढीच्या मऊ, पातळ चामड्याची असतात. त्यात पॅड नसतात आणि शिवण एकेरी असते. बाइकच्या जॅकेटसाठी गाय किंवा म्हशीचं, साधारण १.१ ते १.४ मिलिमीटर जाडीचं चामडं वापरतात. चामड्याचा वरचा थर सगळ्यात घट्ट विणीचा असतो. तो काढून घेतल्यावर उरलेल्या खालच्या थराला ‘स्प्लिट लेदर’ म्हणतात. तो दिसायला जाड असला तरी लवकर फाटतो.

शिवणही तितकीच महत्त्वाची. चामडं टिकलं आणि शिवण उसवली, तर उपयोग शून्य. खांदा आणि बाहीचे जोड दुहेरी किंवा तिहेरी शिवणीचे हवेत, आणि त्यातली एक ओळ आतल्या बाजूला झाकलेली हवी.

ऑस्ट्रेलियात अपघात झालेल्या २१२ बाइकस्वारांची पाहणी करून २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बाइकचं जॅकेट घातलेल्यांना रुग्णालयात दाखल करावं लागण्याची शक्यता २१ टक्क्यांनी कमी आढळली. हातमोज्यांमुळे ती ५९ टक्क्यांनी, तर बाइकच्या पँटमुळे ५१ टक्क्यांनी कमी झाली. त्याच अभ्यासात चौथ्या हिश्शाहून जास्त जॅकेटं अपघातात निकामी झाल्याचंही दिसलं. ‘बाइकचं’ म्हणून विकलेलं प्रत्येक जॅकेट टिकतंच असं नाही.

सैल जॅकेट का नको?

आपल्याकडे मुलांचे कपडे ‘वाढत्या अंगाचे’ घ्यायची पद्धत आहे, आणि मोठेपणीही सैल कपडाच सोयीचा वाटतो. बाइकच्या जॅकेटला हा नियम लागू होत नाही.

पडताना कोपर रस्त्यावर घासतं तेव्हा बाही वर सरकते किंवा हाताभोवती फिरते. बाही सैल असेल तर पॅड बाजूला जातो आणि कोपराचं हाड पातळ कापडाच्या किंवा चामड्याच्या एका थरावर येतं. महागडा पॅड तेव्हा दंडाच्या बाजूला असतो. सैल चामड्याला चुण्या पडतात आणि चुणी रस्त्यात अडकली की फाटायला सुरुवात होते. शिवाय वेगात सैल जॅकेट फडफडतं आणि खांदे दुखतात.

चामडं वापरानं अंगासारखं होतं आणि थोडं ताणलंही जातं. दुकानात जे ‘बरोबर’ वाटतं ते वर्षभरात सैल होऊ शकतं. म्हणून नवं लेदर जॅकेट किंचित घट्ट वाटणं चांगलं. फक्त श्वास अडता कामा नये आणि हाताला मुंग्या येता कामा नयेत.

बायकांसाठी हा प्रश्न जास्त मोठा आहे. अनेकदा घरातल्या पुरुषाचं जॅकेट वापरलं जातं किंवा पुरुषांच्या मापातलं लहान साइज घेतलं जातं. खांदा रुंद असल्यामुळे खांद्याचा पॅड दंडावर आणि कोपराचा पॅड मनगटाकडे उतरतो. बायकांसाठी वेगळ्या बेताची जॅकेटं मिळतात, तीच बघावीत.

माप कसं बघावं?

आरशासमोर ताठ उभं राहून जॅकेट बघणं ही नेहमीची चूक. ते बाइकवर बसून, हँडल धरून बघायला हवं. बाइक नसेल तर खुर्चीवर बसून हात पुढे करावेत.

• बाही: हात पुढे केल्यावरही बाही मनगटाच्या हाडापर्यंत यावी. उभं असताना ती थोडी लांब वाटली तर ते बरोबर आहे.
• कोपर: हात वाकवल्यावर पॅड कोपराच्या टोकावर बसावा. दुसऱ्या हाताने बाही धरून फिरवून बघावी. पॅड हाडावरून निसटला तर साइज मोठं आहे.
• खांदा: शिवण खांद्याच्या टोकावर यावी.
• पाठ: पुढे वाकल्यावर कंबर उघडी पडू नये. पाठीच्या खिशात नुसता फोमचा तुकडा असतो का तेही तपासावं. तसं असेल तर खरा पॅड वेगळा घेऊन बसवावा.
• गळा: चेन लावल्यावर दोन बोटं जातील इतकीच जागा असावी आणि मान वळवून मागे बघता यावं.

ऑनलाइन मागवताना रोजच्या शर्टाच्या साइजवर जाऊ नये. छाती, कंबर, खांद्यांची रुंदी आणि खांद्यापासून मनगटापर्यंतची लांबी टेपने मोजून कंपनीच्या तक्त्याशी ताडावी. लांबी मोजताना कोपर वाकवलेलं असावं. परत करण्याची सोय नसेल तर घेऊ नये, आणि घरी घालून बघेपर्यंत लेबल काढू नये.

४५ अंशांत काय करायचं?

अकोल्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जातो. कातडीचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून गरम झाली की वाऱ्याने अंग थंड होत नाही, उलट तापतं. मग शरीराकडे घाम वाळवणं हा एकच मार्ग उरतो.

म्हणूनच वऱ्हाडातला माणूस उन्हाळ्यात अंग उघडं टाकत नाही. डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळूनच बाहेर पडतो. घरातला कूलरही याच तत्त्वावर चालतो: ओल्या ताटीतून गेलेली कोरडी हवा गार होते. जॅकेटच्या आत ओला सुती बनियन घातला आणि जॅकेटच्या छिद्रांतून थोडी हवा येत राहिली, तर तोच परिणाम मिळतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत मात्र तो मिळत नाही.

तरीही भर उन्हाळ्यात, सिग्नलला थांबत शहरात फिरायचं असेल तर पूर्ण लेदर त्रासदायकच ठरतं. त्यासाठी जाळीच्या कापडाचं, पॅड असलेलं जॅकेट बरं. घासण्यात ते लेदरइतकं टिकत नाही, पण खुंटीवर टांगलेल्या लेदरपेक्षा अंगावरची जाळी केव्हाही चांगली. हिवाळ्यात परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायचा असेल किंवा महामार्गावर लांब जायचं असेल, तेव्हा लेदर उत्तम. वर्षभर एकच वापरायचं तर छाती आणि बाह्यांवर बारीक छिद्रं पाडलेलं लेदर बघावं.

दुपट्ट्याची एक अडचण आहे. जाड दुपट्टा बांधून, त्यावर बसेल असं हेल्मेट घेतलं, तर दुपट्टा नसताना ते डोक्यावर हलतं. हेल्मेट उघड्या डोक्याच्या मापाने घ्यावं आणि आत पातळ सुती टोपडं घालावं.

लेबलवर काय बघायचं?

युरोपात ‘ईएन १७०९२’ या मानकानुसार जॅकेटला एएए, एए, ए अशा श्रेणी दिल्या जातात. महामार्गासाठी एए किंवा त्याहून वरची श्रेणी योग्य. खांदा-कोपराच्या पॅडवर ‘ईएन १६२१-१’ असं छापलेलं असतं. त्यात लेव्हल २ ही लेव्हल १ पेक्षा जास्त संरक्षण देते. अनेक जॅकेटांवरचं ‘सीई’ फक्त आतल्या पॅडपुरतं असतं, म्हणून जॅकेटला स्वतःची श्रेणी आहे का ते लेबलवर शोधावं.

पैसे कमी असतील तर आधी काय?

आधी हेल्मेट. २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ दुचाकीस्वारांचा आणि मागे बसलेल्यांचा रस्त्यावर मृत्यू झाल्याची केंद्र सरकारची आकडेवारी आहे. जून २०२१ पासून आयएसआय खूण नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकण्यास बंदी आहे. त्यानंतर हातमोजे, कारण पडताना माणूस आधी हात टेकतो. मग घोट्याच्या वर येणारे बूट, आणि त्यानंतर जॅकेट-पँट.

समोरून येणाऱ्या ट्रकच्या धडकेपासून कोणतंही जॅकेट वाचवू शकत नाही. पण वाळूवरून चाक घसरणं, अचानक आडवं आलेलं कुत्रं, वळणावर सांडलेलं ऑइल, अशा पडण्यात अंगाबरोबर बसलेलं जॅकेट मोठी जखम टाळू शकतं. घेताना रंग आणि बटणं बघून झाली, की बाही एकदा जोरात फिरवून बघावी. पॅड जागचा हलला नाही तरच पैसे द्यावेत.