उपचारोत्तर एचआयव्ही नियंत्रण

उपचारोत्तर एचआयव्ही नियंत्रण म्हणजे अँटिरेट्रोव्हायरल औषधोपचार (एआरटी) थांबवल्यानंतरही शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने एचआयव्ही विषाणूची वाढ रोखून धरणे होय. ही स्थिती घडवून आणण्यासाठी प्रतिपिंडे, उपचारात्मक लसी आणि प्रतिकारपेशींना चेतवणारी द्रव्ये यांवर संशोधन सुरू आहे. यांपैकी कोणतीही पद्धत अद्याप नियमित उपचारांत आलेली नाही.

पार्श्वभूमी

एआरटीमुळे विषाणूची नवी निर्मिती थांबते. मात्र संसर्गित पेशींच्या डीएनएमध्ये सामावलेला विषाणू नष्ट होत नाही. दीर्घायुषी सीडी४ स्मृतिपेशींत त्याचा सुप्त साठा टिकून राहतो. त्यामुळे औषधे बंद केल्यास बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा आढळतो.

याला काही अपवाद आहेत. फ्रान्समधील 'व्हिस्कॉन्टी' अभ्यासात २०१३ साली अशा १४ व्यक्तींची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांचे उपचार संसर्गानंतर लवकर सुरू झाले होते आणि ते थांबवल्यावरही विषाणू अनेक वर्षे नियंत्रणात राहिला. याउलट, अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात २०१० साली जन्मलेल्या एका बालकात औषधांविना सुमारे २७ महिने न आढळलेला विषाणू २०१४ साली परतला. विषाणू न आढळणे म्हणजे तो नष्ट होणे नव्हे, हे यातून स्पष्ट झाले.

प्रमुख पद्धती

व्यापक निष्प्रभावी प्रतिपिंडे : ही प्रतिपिंडे विषाणूच्या आवरणावरील फारशा न बदलणाऱ्या भागांना चिकटतात. एकच प्रतिपिंड दिल्यास विषाणू उत्परिवर्तनाने निसटतो. म्हणून दोन किंवा अधिक एकत्र दिली जातात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान चाचणीत '३बीएनसी११७' व '१०-१०७४' ही प्रतिपिंडे एकत्र दिली गेली. ज्या ९ जणांमधील विषाणू दोन्ही प्रतिपिंडांना संवेदनशील होता, त्यांच्यात नियंत्रणाचा मध्यक कालावधी २१ आठवडे होता.

उपचारात्मक लसी : संसर्ग झालेल्यांच्या मारक टी-पेशी बळकट करणे हा त्यांचा हेतू असतो. पोलिओ लसीचे जनक जोनास साल्क यांनी १९८७ साली ही कल्पना मांडली. त्यांच्या निष्क्रिय विषाणूवर आधारित लसीची मोठी चाचणी लाभ न दिसल्याने १९९९ साली थांबवण्यात आली.

प्रतिकारयंत्रणेचे उद्दीपन : इंटरल्यूकिन-२ मुळे सीडी४ पेशींची संख्या वाढली, तरी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत आजारपण वा मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. सुप्त पेशी जागृत करणारी द्रव्ये प्रतिपिंडांसोबत देण्याचे प्रयोग सध्या सुरू आहेत.

धोके व मर्यादा

उपचार थांबवल्याशिवाय अशा पद्धतींची परिणामकारकता सिद्ध करता येत नाही. परंतु ५,४७२ व्यक्तींचा सहभाग असलेल्या 'स्मार्ट' चाचणीत (२००६) सीडी४ संख्येनुसार औषधे थांबवणाऱ्या गटात संधिसाधू आजार व मृत्यू यांचे प्रमाण अधिक आढळले. विषाणू परतल्यास जोडीदारालाही संसर्ग होऊ शकतो. त्यामुळे चाचण्यांत विषाणूभार वारंवार तपासला जातो आणि ठरावीक मर्यादा ओलांडताच एआरटी पुन्हा सुरू केली जाते. वैद्यकीय देखरेखीशिवाय औषधे थांबवणे धोकादायक असते.

विषाणूच्या उपप्रकारांनुसार प्रतिपिंडांचा प्रभाव बदलतो. भारतात व दक्षिण आफ्रिकेत 'सी' उपप्रकार प्रबळ असल्याने अन्यत्र मिळालेले निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू होतील, असे गृहीत धरता येत नाही.